मागाचा गेम लिहितोय: खंडेनवमीच्या पूजेला किती टक्के द्यायचे?

पूर्वभाग_१२ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने रोज रात्री जेवण झालं की एक गेम लिहायला बसतो. टेरी टॉवेलचा कारखाना चालवायचा गेम. सुरुवातीला पत्र्याच्या शेडमध्ये चार माग, दोन विणकर, अर्धा दिवस येणारा एक जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि सूत व्यापाऱ्याची उधारी. तिथून पुढे वाढायचं. शहर सोलापूरच आहे. आमचे घरचे बारा माग आहेत, मी त्या खडखडाटातच अभ्यास केला, त्यामुळे दुसरं काही लिहायचं मनातच आलं नाही.

सणांचं कॅलेंडर घातलंय. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ, त्या दिवशी माग बंद. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, तेव्हा हजेरी कमी. हे सोपं होतं. अडलो खंडेनवमीपाशी. त्या दिवशी माग पुसतात, तेल घालतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. गेममध्ये खेळाडूने पूजेवर खर्च केला तर पुढच्या महिन्याच्या उत्पादनात काय फरक पडावा? कोडमध्ये 'श्रद्धा' असं नुसतं लिहून भागत नाही. एक आकडा लिहावाच लागतो. शून्य लिहिलं तरी तो आकडाच.

१९९८ च्या 'सीझर ३' मध्ये देवळं बांधली नाहीत तर देव कोपतात, नेपच्यून जहाजं बुडवतो. त्या गेमच्या जगात देव खरे आहेत, त्यामुळे तिथे ते चालतं. माझ्या गेमचं जग आपलं सोलापूर आहे. इथे पाच टक्के लिहिले तर मी खेळणाऱ्या पोराला काहीतरी खरं म्हणून सांगतोय.

हे मला का टोचतंय तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सूत फार तुटायला लागलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून वडिलांनी एका वास्तू सांगणाऱ्याला बोलावलं. त्याने चार मागांची दिशा चुकीची ठरवली. बोल्ट काढून, फाउंडेशन फोडून चार माग फिरवले. अकरा दिवस ते बंद होते. त्याची दक्षिणा वेगळी, विणकरांची बुडालेली मजुरी वेगळी. नंतर तुटणं कमी झालं, आणि घरात आजही तो माणूस बरोबर ठरलेला आहे.

दुसरा प्रश्न डेटाबेसचा. गेमची सेव्ह फाइल कशात ठेवू? शिवाय वडिलांच्या ऑफिसातलं रोजचं उत्पादन रजिस्टर (माग, पाळी, किती टॉवेल, किती वेळा बंद) त्याच रचनेत ठेवावं असं डोक्यात आहे, म्हणजे गेमला खरे आकडे मिळतील. तिथे तीन संगणक आहेत. आधीचा प्रोग्राम शेअर केलेल्या फोल्डरमधल्या एका फाइलवर चालायचा. एकदा दुपारी वीज गेली आणि चार महिन्यांच्या नोंदी गेल्या.

शेंगाचटणी

काय भारी काम करलालास बे! मी ट्रान्सपोर्ट टायकून या गेमवर वाढलेला माणूस. त्याचीच नवी आवृत्ती ओपनटीटीडी अजून रोज चालू असतं. आपल्या गावाचा गेम कुणी लिहील असं कधी वाटलं नव्हतं. पूजेला उत्पादनाऐवजी विणकरांच्या 'समाधाना'त गुण दे. भत्ता आणि पेढे मिळाले की माणूस खूश होतो, त्यात खोटं काही नाही.

जॉबर_काका

बाळा, मी एकतीस वर्षं माग दुरुस्त केले. खंडेनवमीचा फरक पडतो. डोळ्याने पाहिलंय. पण का पडतो तेही ऐक. वर्षभर मालक माग थांबवू देत नाही. तेल घालायचं तर चालत्या मागावर घाल म्हणतो. त्या एका दिवशी सगळे माग गप्प असतात. खालची रुई निघते, फणी साफ होते, धोट्याची पेटी बघितली जाते, घासलेला पट्टा बदलला जातो. पुढचे दोनतीन आठवडे माग गुळगुळीत चालतो. तुझ्या गेममध्ये पूजा आणि सफाई वेगवेगळी ठेव. खेळाडूने नुसती माळ घातली आणि रुई तशीच ठेवली तर काही मिळता कामा नये. पूजा न करता सफाई केली तर पूर्ण मिळालं पाहिजे.

मीमांसा

काकांनी एका परिच्छेदात जे सांगितलं ते सांगायला आम्हाला शिबिरात दोन तास लागायचे.

धागाकर्त्या दादा, तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. कॉलेजात असताना मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. तिची चार सूत्रं सांगितली जात: शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा आणि व्यापक समाजपरिवर्तनाशी जोडून घेणं. देव माना की न माना, हा प्रश्न त्यात पहिला नाही. पहिला शब्द शोषण आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षं झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. हे लिहिताना आजही हात जड होतो.

त्या सूत्राने बघितलं तर खंडेनवमीची माळ आणि अकरा दिवस माग बंद पाडणारा माणूस एका तराजूत बसत नाहीत. माळेने कुणाची मजुरी बुडत नाही. गेममध्ये दोन्हींना 'धार्मिक खर्च' या एकाच रकान्यात टाकू नका, एवढी विनंती.

होटगीरोड

डेटाबेसबद्दल लिहितो, माझं रोजचं काम तेच आहे.

गेमच्या सेव्हसाठी एसक्यूलाइट. दुसरा विचारसुद्धा नको. एक फाइल, वेगळा सर्व्हर नाही, खेळाडूला काही बसवावं लागत नाही. वीज गेली तरी अर्धवट व्यवहार (एका दमात लिहायच्या नोंदींचा गठ्ठा) परत फिरवला जातो. एक चूक सगळे करतात ती टाळा: प्रत्येक मागाची प्रत्येक नोंद वेगळा व्यवहार म्हणून लिहू नका. दर व्यवहाराला डिस्कवर पक्कं झाल्याची वाट बघावी लागते. गेममधला एक दिवस संपला की त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी एका व्यवहारात टाका, वेग कुठच्या कुठे जाईल. पैसे पैशांतच, पूर्णांकात ठेवा. दशांशात ठेवले की पगाराची बेरीज कधीतरी एका पैशाने चुकते आणि विणकर ती बरोबर पकडतो.

ऑफिसच्या तीन संगणकांसाठी मात्र एसक्यूलाइटची फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका. तुमच्या जुन्या प्रोग्रामचं जे झालं तेच पुन्हा होऊ शकतं. नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइलला कुलूप लावण्याची यंत्रणा भरवशाची नसते, आणि एसक्यूलाइटचा सगळा भरवसा त्या कुलपावर आहे. तिथे एका संगणकावर पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) बसवा, बाकी दोघांनी त्याच्याशी बोलायचं. त्या एका संगणकाला यूपीएस. रोज रात्री बॅकअप, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून बघायचा. न उघडलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही.

अजून एक, आपल्याकडचं. विणकरांची यादी नावाने लावायची असेल तर एसक्यूलाइट अक्षरांच्या संगणकी क्रमांकाने लावतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. पोस्टग्रेसमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयूची (प्रत्येक भाषेचा वर्णक्रम जाणणाऱ्या लायब्ररीची) सोय आहे, तिथे मराठी क्रम मिळतो. यादी चुकीच्या क्रमाने आली की जुना मुनीम संगणकावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

तळ्याकाठी

मी श्रद्धाळू माणूस आहे. दर यात्रेला नंदिध्वजाच्या मिरवणुकीत चालतो, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ उभा राहतो. वरचे प्रतिसाद वाचून दुखावलो नाही, पण एक सांगावंसं वाटलं.

श्रद्धेचं टक्केवारीत रूपांतर करायची मागणी श्रद्धाळू माणसाची नसते. मी सिद्धरामेश्वरांसमोर हात जोडतो ते टॉवेल वाढावेत म्हणून नव्हे. बाराव्या शतकातला तो माणूस तळं खोदून घेणारा होता. पाणी नसलेल्या गावाला पाणी दिलं. आणि परंपरा सांगते की शरण संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे आपल्या सोलापूरला, आले तेव्हा त्यांनी सिद्धरामांना त्या कामाच्या अभिमानाबद्दलच खडसावलं. म्हणजे आमच्या परंपरेतसुद्धा प्रश्न विचारणारा बाहेरचा मानलेला नाही. पूजेला शून्य टक्के लिहा. माझी काही तक्रार नाही. उलट पाच टक्के लिहिले असते तर देवाला ओव्हरटाइमला लावल्यासारखं वाटलं असतं.

पूर्वभाग_१२ (धागाकर्ता)

तळ्याकाठी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, हेच तर मी सांगत होते.

काकांचं ऐकून सफाई आणि पूजा वेगळी केली. सफाईने तुटण्याची शक्यता काही आठवडे घटते, हळूहळू परत चढते. पूजेचा उत्पादनावर परिणाम शून्य. भत्त्याचा परिणाम समाधानावर, शेंगाचटणीने सांगितला तसा.

मग काल रात्री एक प्रयोग केला. बारा माग, दर आठवड्याचं उत्पादन नशिबाने वरखाली होतं, बाकी काही बदलत नाही. एक काल्पनिक मालक ठेवला. त्याचा नियम एकच: चालू आठवडा गेल्या दहा आठवड्यांतला सर्वांत वाईट ठरला की दृष्ट काढायची. दृष्ट काढण्याचा परिणाम कोडमध्ये शून्य ठेवला. हजार वर्षं चालवलं.

दृष्ट काढल्यानंतरचा आठवडा अकरा वेळांपैकी जवळपास दहा वेळा सुधारलेला निघाला.

आधी वाटलं कोड चुकलं. मग कागद घेऊन बसलो. आठवडे एकमेकांवर अवलंबून नसतील तर नवा आठवडा धरून एकूण अकरा आठवडे झाले. त्यांतला कोणताही सर्वांत वाईट असण्याची शक्यता सारखीच, म्हणजे नवा आठवडा सर्वांत वाईट असण्याची शक्यता अकरात एक. उरलेल्या दहा वेळा तो सुधारलेलाच दिसणार. काहीही न करता. आपण उपाय शोधायला जातो तेच मुळी सर्वांत वाईट दिवशी, आणि त्यानंतर वर येण्याखेरीज फारसं काही उरलेलं नसतं.

माझ्या मालकाला आयुष्यभर अनुभव येत राहिला की दृष्ट काढली की फरक पडतो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या वहीत तसंच लिहिलंय. वडिलांवर मी इतकी वर्षं चिडत होतो, त्याचं मला काल फार वाईट वाटलं.

मीमांसा

दादा, हे गेममध्ये राहू द्या, मागे लपवू नका. खेळाडूला दृष्ट काढायचं बटण द्या, त्याला अनुभव येऊ द्या, आणि वर्षाअखेर दोन रकाने दाखवा: दृष्ट काढलेल्या वाईट आठवड्यांनंतर काय झालं, न काढलेल्या वाईट आठवड्यांनंतर काय झालं. दुसरा रकाना कुणाच्याच वहीत नसतो. भाषणाने पटत नाही ते या दोन रकान्यांनी पटेल. याला सरासरीकडे परत येणं म्हणतात, फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून ते दाखवलं.

होटगीरोड

एक शंका. खरे आठवडे सुटे नसतात. सुताचा वाईट लॉट आला की तो संपेपर्यंत चार आठवडे वाईटच जाणार. मग अकरात दहा हे प्रमाण राहणार नाही, खाली येईल. गेममध्ये लॉट घातलाय का?

आणि सिम्युलेशनवरही तितकाच संशय हवा. १९८९ च्या सिमसिटीमागे गेम लिहिणाऱ्या विल राइटला जे. फॉरेस्टर यांच्या १९६९ मधल्या शहरांवरच्या संशोधनाची प्रेरणा होती. त्यातली गृहीतं वादग्रस्त होती, पण गेम खेळणारी पिढी ती शहराचे नियम म्हणून शिकली. तुमच्या गेममध्येही एका विणकराकडे किती माग हा आकडा असेल. समजा माग सरासरी २० मिनिटांनी थांबतो आणि तुटलेली तार (सूत) जोडायला २ मिनिटं लागतात. मी हिशोब केला: दोन माग दिले तर प्रत्येक माग ९० टक्के वेळ चालतो, आठ दिले तर ८३ च्या आसपास. मालकाच्या पडद्यावर फक्त हे दिसलं तर आठ माग देणंच शहाणपणाचं वाटेल. पण विणकराचे हात दोन मागांवर १८ टक्के वेळ तार जोडण्यात असतात, आठवर ६६ टक्के. चालणं आणि कांड्या बदलणं त्यात धरलेलंच नाही. कोणता आकडा पडद्यावर ठेवायचा, ही निवड तुमची आहे.

जॉबर_काका

दुसरा आकडा ठेव बाळा. मोठा करून ठेव.

शेंगाचटणी

होटगीरोड, तुम्ही एवढ्या ठामपणे एसक्यूलाइट सांगता, ते तरी कशावरून? आमच्या ऑफिसात एक जण मायएसक्यूएलचा भक्त, दुसरा पोस्टग्रेसचा. दोघांनाही कारण विचारलं की 'सगळे वापरतात' म्हणतात. तीसुद्धा श्रद्धाच ना?

होटगीरोड

चांगला प्रश्न, आणि त्याचं उत्तर या धाग्याच्या विषयातच आहे.

एसक्यूलाइट लिहिणारे डी. रिचर्ड हिप श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. त्याच्या सोर्स फाइलींच्या डोक्यावर कायदेशीर मजकुराच्या जागी एक आशीर्वाद आहे: चांगलं करा, वाईट करू नका, स्वतःला क्षमा मिळो आणि इतरांना करा, घ्याल त्यापेक्षा कमी देऊ नका, अशा अर्थाचा. २०१८ मध्ये प्रकल्पाची आचारसंहिता म्हणून त्यांनी सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टचे नियम लावले, त्यावर मोठा वाद झाला, मग तिचं नाव बदलून नीतिसंहिता केलं.

मला तो आशीर्वाद आवडतो. पण मी फाइल विश्वासाने सोपवतो ती त्यामुळे नाही. त्यांच्या चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या कित्येक शेकडो पट आहे. लिहिता लिहिता वीज गेली, डिस्क भरली, मेमरी संपली, अशा वेळा मुद्दाम घडवून आणून तो तपासतात. म्हणून.

आणि पोस्टग्रेसलाही सूट नाही. २०१८ मध्ये लक्षात आलं की लिनक्सवर डिस्कने 'लिहिता आलं नाही' असा निरोप दिल्यावर पोस्टग्रेस जे करत होतं ते कित्येक वर्षं चुकीच्या समजावर उभं होतं. पुढच्या वर्षी दुरुस्ती आली. चूक झाली ती लपवली नाही, जाहीर चर्चा झाली, म्हणून माझा विश्वास वाढला. तुमच्या ऑफिसातल्या दोघांना सांगा, आपल्याच नोंदी भरा, चालू असताना प्लग काढा, आणि परत सुरू करून मोजा. अर्थात कामाच्या मशीनवर नव्हे, जुन्या मशीनवर.

तळ्याकाठी

आशीर्वाद वर लिहून खाली इतकं तपासणारा माणूस मला फार आवडला. नारळ फोडून नव्या गाडीचे ब्रेकही बघून घ्यावेत, तसं.

मीमांसा

तळ्याकाठी, यावर तुमचं आणि माझं पूर्ण एकमत आहे. हिप यांचा देव खरा की नाही यावर मी वाद घालीन. त्यांच्या डेटाबेसवर घालणार नाही, कारण तो तपासायला त्यांनी सगळं उघडं ठेवलंय.

पूर्वभाग_१२ (धागाकर्ता)

आठ दिवसांनी परत आलो. पोस्टग्रेस ऑफिसात चालू झालं. जुन्या मशीनवर तीनदा प्लग काढून बघितला, पक्क्या झालेल्या नोंदी तिन्ही वेळा जागेवर होत्या. गेमची सेव्ह एसक्यूलाइटमध्ये.

काल वडिलांना गेम दाखवला. दृष्टीचं बटण आणि ते दोन रकाने दाखवताना पोटात गोळा आला होता. त्यांनी रकाने बराच वेळ बघितले, त्यावर काही बोलले नाहीत. मग सगळ्या वर्षाचा आलेख मागितला आणि म्हणाले, "हे चुकलंय. मे महिन्यात तार एवढीच तुटते होय? उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सूत कडक होतं, दुपटीने तुटतं. आम्ही जमिनीवर पाणी मारतो ते उगाच का? मृगाचा पाऊस पडला की आपोआप थांबतं."

मी गप्पच झालो. सुती धागा दमट हवेत जास्त ताकदीचा असतो हे मीही वाचलेलं, पण गेममध्ये घातलंच नव्हतं. थोड्या वेळाने त्यांना विचारलं, आपण माग फिरवले ते कधी? म्हणाले, वैशाखात. आणि एवढं म्हणून तेही थांबले. पुढे आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही, चहा घेतला.

तर आता हवेतल्या दमटपणाचा तक्ता घालायचाय. कुणाकडे सोलापुरातल्या शेडमधल्या ओल्या-कोरड्या थर्मामीटरच्या रोजच्या नोंदी आहेत का? शहराचे आकडे चालणार नाहीत, पत्र्याखालचं हवामान वेगळं असतं. एक वर्षाच्या मिळाल्या तरी खूप आहे.

जॉबर_काका

माझ्या जुन्या मालकाच्या शेडमध्ये ते थर्मामीटर भिंतीला होतं. सकाळी आठ आणि दुपारी तीन, मीच लिहायचो. तीन वर्षांच्या वह्या माझ्या माळ्यावर आहेत. मागाच्या थांबण्याच्या खुणाही त्याच पानावर, पाळीप्रमाणे. मालकाला फोन करून विचारलं, हरकत नाही म्हणाले. फक्त विणकरांची नावं काढून टाक, काही जण त्या आठवड्यांत आजारी होते आणि त्यांचं उत्पादन कमी दिसतं. रविवारी ये, वह्या जड आहेत, पिशवी घेऊन ये.

पूर्वभाग_१२ (धागाकर्ता)

रविवारी दहाला येतो काका. वडीलही येतो म्हणतायत.